माइकवर नाव गेलं ते गेलं

३ जानेवारी, शनिवार

प्रॅक्टिस मॅच. सलीमनं आज असा गोल खाल्ला की पोट्टे हसले. मैदानाच्या मधातून मारलेला साधा बॉल, टप्पे खात खात आला अन् हा उभाच. जाळीत गेल्यावर याचा हात हलला. बरं झालं मी माइक लावला नोता, नाईतर बोललो काय असतो?

मंग बंडूच्या हॉटेलात चहा अन् वाद. बंडूचं तोंड माह्या भोंग्याहून मोठं. म्हणे, "चाळिशी उलटलेला बुढा गोलवर ठेवसान तर असंच होईन. पवनले उतरवा." दुसरा म्हणे, "पवननं एक तरी खरी मॅच खेयली काय बे? प्रॅक्टिसमंधी तर माही म्हैसही बॉल अडवते." सगळे हसले. मी नाई हसलो. सलीम माह्या शाळेतला दोस्त, पवन माह्या सख्ख्या बहिणीचा पोरगा. हसायले जागा कुठं आहे?

५ जाने.

टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दिवसभर तेच. एका तेरवीत भोंगा लावाले गेलतो. ज्याचा बाप गेला तोच ताट हातात धरून विचारते, "गजूभाऊ, यंदा गोलवर कोण?" अरे बाप्पा, आधी जेवण तर वाढ लोकायले.

सलीमचं नाव निघालं की जुने लोक ती मलकापूरची फायनल काढतात. बोट फुटलेलं, तरी पेनल्टी अडवली यानं. मीच बोंबलत होतो माइकवर, घसा बसला होता. गोलचे खांब बी यानंच वेल्डिंग करून उभे केले. आता त्याच खांबांमधून त्याले काढा म्हणतात.

पण पवन खरंच चांगला आहे. लांब हात, वरचा बॉल असा घेते की पाहत राहावं. भेव नाई पोट्ट्याले. पण भेव वाटायसारखं अजून पाह्यलंच काय त्यानं?

९ जाने.

स्पीकरचा स्टँड तुटला म्हणून सलीमच्या दुकानात. वेल्डिंग करताना हा काच तोंडावर धरतच नाई, किती वर्षं झाले बोलून राह्यलो. आज पुन्हा बोललो तर मशीन बंद केली अन् खाली बसला.

"गज्या, शाम को बॉल नजरच येत नाई यार."

मले वाटलं मस्करी. म्हणे दुपारी ठीक असते, ऊन उतरलं की बॉल एकदम छातीसमोर आल्यावरच दिसते. बुलढाण्याले दाखवून आला. डॉक्टर म्हणे वेल्डिंग बंद ठेवा. "बंद ठेवून पोरायले काय लोखंड खाऊ घालू?" मंग माह्या गुडघ्यावर हात ठेवला. "कोणाले सांगू नको. यंदाची एक टुर्नामेंट. मंग मीच हात जोडतो सगळ्यायले."

मी हो म्हणलं. आपल्या मॅचा सगळ्या ऊन उतरेपर्यंत चालतात. हे त्याले माहीत, मले बी माहीत.

११ जाने., रवि.

ताई आली. हातात भरीत-भाकरीचा डबा. ताईचा डबा आला की समजायचं काईतरी काम आहे.

अकोल्याचे एक कोच पहिल्या मॅचले पाहुणे म्हणून येऊन राह्यले. त्यांच्या होस्टेलात खेळणारे पोट्टे घेतात, खेळ बी होते अन् कॉलेज बी. ते एकच मॅच पाहणार अन् परत जाणार. "फारूक तुह्यं ऐकते. एक शब्द टाक पवनसाठी." फारूक म्हणजे आमचा कॅप्टन. मी म्हणलं, पाहू. "पाहू काय पाहू? तू मामा आहे का शेजारी?" भरीत आमच्या पातेल्यात ओतलं अन् रिकामा डबा घेऊन चालली गेली. बायको, मंदा म्हणे, भरीत झ्याक झालं. मी माह्यं ताट तिच्याकडं सरकवलं.

१४ जाने., संक्रांत

ग्रुपवर कोणीतरी लिहलं, गजू माइकवाला भाच्याले घुसवून राह्यला. मी तर तोंड उघडलं बी नोतं! त्यावर बंडूनं उत्तर दिलं, त्यावर तिसऱ्यानं, अन् होता होता गोष्ट आपला-त्यांचा इथवर गेली. असं या टीममंधी कधी झालं नोतं.

मंग सलीमचा आवाज आला ग्रुपवर. "भाईओ, माह्या नावानं हे चालणार असंन तर मी आजच घरी बसतो." एवढंच.

संध्याकाळी पोरायले घेऊन तिळगूळ खायले आला. जाताना उंबऱ्यावर पाय अडखळला त्याचा. मंदा म्हणे, "भाऊजी, लाइट लावू का?" "नाई नाई भाभी, दिसते ना."

१७ जाने.

सांगून बसलो.

फारूक घरी आला होता. म्हणे, "भाई, तुम्ही त्याचे दोस्त. खरं सांगा, त्याले झालं काय? पाय तर चालतात त्याचे." मी म्हणलं, "डोये." एकच शब्द, निघून गेला. मंग किती सारवासारव केली, कोणाले बोलू नको म्हणलं, अल्लाची कसम घ्यायले लावली. त्यानं घेतली बी.

टीमसाठी सांगतलं का पवनसाठी? सलीमची फजिती होऊ नये म्हणून सांगतलं असं मी मंदाले बोललो. ती भांडे घासत राह्यली.

१८ जाने., रवि.

झालं. पहिली मॅच पवन खेळणार. सलीम ड्रेस घालून बाहेर बसणार, पवन जखमी झाला तरच आत.

फारूकनं सगळ्यांसमोर सांगतलं. सलीम हसला, पवनच्या पाठीवर थाप मारली. म्हणे, "वरचे बॉल तू घेशीन, पण जमिनीवरचा बॉल आला तर गुडघा टेकव, माह्यासारखा उभा राहू नको." लोकायनं टाळ्या वाजवल्या. मी खाली पाहत होतो.

बंडू आता पलटला. परवापर्यंत बुढा बुढा करत होता, आज म्हणते, "आधी सलीमले घ्या, ऐनवेयी पाहू." फारूक भडकला. ऐनवेळी काई होत नाई. एका साली ऐनवेळी नाव बदललं म्हणून खुर्च्या फुटल्या होत्या, तवापासून सगळ्या गावायचं ठरलेलं आहे. मॅचच्या आधी माइकवर एकेकाचं नाव घ्यायचं, तो पळत आत जाते, अन् माइकवर नाव गेलं ते गेलं. गोलकीपर तर जखमी झाल्याबिगर बदलताच येत नाई. अन् ते नाव घेणारा कोण? मी.

ताईनं पुन्हा भरीत पाठवलं.

२४ जाने.

उद्या नांदुऱ्याची टीम. भोंगे बांधले, वायर टाकली. पवनसाठी नवी ओळ बसवली. सलीमची इतक्या वर्षांची ठरलेली आहे: एक नंबर, गोलवर, रोहिणखेडचा दरवाजा, सलीम शे…ख! ती पवनले द्यायची नाई, ती सलीमचीच. पवनची: एक नंबर, गोलवर, लांब हाताचा नवा गडी, पवन! मंदाले म्हणून दाखवली. तिनं हात ओले असतानाच टाळी वाजवली.

सलीम दिवसभर मैदानावर होता, चुन्याच्या रेषा मारत. माह्याकडं एकदोनदा पाह्यलं.

२५ जाने., रवि.

काय लिहू.

गर्दी लय होती. कोच आले होते, पांढरी टोपी, पहिल्या रांगेत. ताई अन् मंदा बायांमंधी बसल्या होत्या. मी माइक घेतला. "एक नंबर, गोलवर," म्हणलं, अन् तोंडातून निघालं "रोहिणखेडचा दरवाजा." अन् दरवाजा म्हणलं की पुढं सलीमच येते. आलाच. सलीम शेख, लांब ओढून, नेहमीसारखं.

लोकायनं कुंपणाचे पत्रे बडवले. पवनचा एक पाय रेषेच्या आत होता. तो तसाच थांबला. सलीम बेंचवरून माह्याकडं पाहत राह्यला, मंग उठला. नांदुऱ्याचा मॅनेजर उभा राहून बोटानं दाखवते, नाव गेलं, नाव गेलं! फारूकनं माह्याकडं असं पाह्यलं, जशी मी त्याच्या ताटात माती कालवली. मी माइकवर म्हणायले पाहिजे होतं, चूक झाली, माफ करा. म्हणलो नाई. दोन नंबरचं नाव घेतलं.

हाफपर्यंत ठीक गेलं, ऊन त्याच्या पाठीमागं होतं. नंतर बाजू बदलली. ऊन उतरलं. नांदुऱ्याच्या पोट्ट्यानं लांबून मारला, जोर बी नोता त्यात. सलीम उभा. त्या दिवशीसारखाच. जाळी हलली अन् मंग याचा हात.

फारूक पळत गेला त्याच्याकडं. काईतरी बोलला, पायाकडं दाखवलं. म्हणजे लंगड, बाहेर ये, पवनले घेतो. सलीमनं मान हलवली. नाई. पुढच्या बॉलले अंदाजानं उडी मारली, खांबाले खांदा लागला, तरी उठून उभा.

मधूनच कोणीतरी ओरडलं, "आंधया!" अन् बाकीचे हसले. डोळ्याचं कसं कळलं लोकायले? मी, मंदा अन् फारूक, तिघंच होतो ना. का नुसतीच शिवी होती?

एका गोलनं हरलो. पहिल्याच मॅचमंधी घरी. पांढरी टोपी शेवटपर्यंत थांबली बी नाई.

मी मात्र शेवटपर्यंत बोलत होतो. नांदुऱ्याचं अभिनंदन बी मीच केलं.

२६ जाने.

सकाळी झेंडावंदनाले भोंगा लावला. कोणी बोललं नाई माह्याशी. शाळेतल्या लेकरायनं गाणं म्हणलं, मी वायर गुंडाळत बसलो.

बंडूच्या हॉटेलावर गेलो तर अर्धे म्हणतात गजूनं दोस्तासाठी मुद्दाम केलं, अर्धे म्हणतात जीभ घसरली. मी समोर उभा! कोणी मले विचारलं नाई. चहा बी सांगावा लागला.

ताईचा फोन नाई. मी लावला तर उचलत नाई.

२९ जाने.

पवन आला होता. खुर्चीवर बसला नाई, दारातच उभा. रडलेला नोता, तेच जास्त लागलं मले. त्यानं कोचले फोन लावला होता. ते म्हणे पुढच्या वर्षी पाहू.

"मामा, एकच सांग. चुकून झालं ना?"

मी म्हणलं, बस, चहा घे.

"चुकून म्हण. मी आईले समजावतो. मी बी सोडून देतो, खरंच. पण मुद्दाम असंन तर…"

मंदानं चहा आणला तवर गेला होता.

मुद्दाम कसं करीन मी? आदल्या रात्रभर पवनची ओळ घोकली होती. पण मंग दुरुस्त काऊन नाई केलं? एक क्षण होता. पत्रे वाजत होते, सलीम उठत होता अन् मले, खोटं काऊन लिहू, बरं वाटलं होतं. आंगावर काटा आला होता माह्या.

१ फेब्रु., रवि.

उंद्रीवाल्यांचा निरोप. पुढच्या रविवारी त्यांच्याकडं टुर्नामेंटबाहेरची मॅच आहे, टीम पाठवा अन् गजूभाऊंचा माइक बी पाठवा. फारूक म्हणे, "भाई, गोलवर पवन. यावेयी नीट बोला." चिडला नोता, थकल्यासारखा बोलला. सलीमनं पवनले शिकवायचं कबूल केलं म्हणे. रोज सकाळी दोघं मैदानावर असतात.

मी तिकडून गाडी नेत नाई, फेऱ्यानं जातो.

५ फेब्रु.

सलीमनं आज रस्त्यात गाडी अडवली. शेजारच्या सीटवर येऊन बसला. मी इंजिन बंद केलं.

"फारूकनं मले मॅचच्या आदल्या दिवशीच सांगतलं, डोयाचं तूच बोलला म्हणून."

म्हणलं, सलीम, ऐक ना.

"तू ऐक. लय राग आला होता. सकायी येणारच नोतो मैदानावर. तरी आलो. अन् मंग तू माह्यं नाव घेतलं. मले वाटलं, गज्याले सहन झालं नाई. सांगून बसला अन् मंग त्याच्या जिवाले लागलं, म्हणून सगळ्या गावासमोर मले परत बलावलं. म्हणून उतरलो बे मी. नाईतर पाय मुरगयला म्हणून तिथंच बसून घेतलं असतं, पोट्टं खेयलं असतं. फारूक लंगड म्हणे तरी लंगडलो नाई. तू बलावलं होतं ना."

काचेवर धूळ होती, तिच्यावर बोटानं रेषा ओढत होता.

"आता लोक म्हणतात तुही जीभ घसरली. लोकायनं मले आंधया म्हणलं, गज्या. जीभ घसरली म्हणून? तू सांग यार. मुद्दामच घेतलं होतं ना?"

मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत होता. मले गाडी बाजूले घ्या लागली. सलीम उतरला. म्हणे, रविवारी सांग, घाई नाई.

७ फेब्रु., शनि.

भोंगे गाडीत टाकले. बॅटरी चार्ज केली. उद्या सकाळी निघायचं.

बाकीची टीम फारूकच्या गाडीत. माह्या गाडीत पुढच्या सीटवर सलीम अन् पवन. दोघांनीच ठरवलं, वाटेत गोलच्या गोष्टी करता येतीन म्हणे. उंद्री काई जवळ नाई.

एकाले चुकून पाहिजे, दुसऱ्याले मुद्दाम पाहिजे. अन् दोघं शेजारी बसणार.

मंदा म्हणे, "एवढा काय विचार करता? जे खरं आहे ते सांगून टाका." बरोबर आहे तिचं. मी तिच्यासमोर उभा राहून माइक नसताना म्हणून पाह्यलं. एक नंबर, गोलवर, लांब हाताचा नवा गडी, पवन. नीट आलं. पुन्हा म्हणलं, नीट आलं. तिसऱ्या वेळी मधातच थांबलो, कारण तोंडात दुसरंच येत होतं: रोहिणखेडचा दरवाजा.