एक्वाल यांचे लायलॅकचे कुंपण न उपटण्याबाबत

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक तक्रार समिती,
नगरपालिका, अल्मोसा, स्वीडन

विषय : कुंपण मेलेले नसल्यामुळे ते उपटून नवे लावण्याचा आदेश न देण्याबाबत.

संदर्भ : श्री. टोर्ब्योर्न एक्वाल, घर क्र. ३, बर्कस्टिगेन यांची हमीभंगाची तक्रार.

महोदय,

१. मी वडिलांसोबत बागा लावून देण्याचा व्यवसाय करतो. मे महिन्यात आम्ही श्री. एक्वाल यांच्या घरापुढे लायलॅक या फुलझाडाचे कुंपण लावले. रोपे जगण्याची दोन वर्षांची हमी आम्ही दिली आणि पहिल्या उन्हाळ्यात रोज पाणी घालण्याची जबाबदारी त्यांनी घेतली. सही करताना ते म्हणाले, "येस्पर, पाणी घालायला काय अक्कल लागते?" लागत नाही, हे मी मान्य केले. घरी असावे लागते, एवढे सांगायचे राहून गेले.

२. जुलैच्या सुट्टीत आपले गाव कसे ओस पडते, हे आपण जाणताच. श्री. एक्वालही बेटावरच्या घरी गेले. परतल्यावर पाने गळालेली पाहून त्यांनी सगळे कुंपण उपटून नवे मागितले. पाण्याचे विचारता, "बंदोबस्त केला होता की! नळ गॅरेजमधून उघडतो, म्हणून किल्ली सिवकडे ठेवली होती," असे उत्तर मिळाले.

३. सबब मी घर क्र. ५ मधील श्रीमती सिव ओलाउसन यांना भेटलो. "अरे, मीही नातवंडांकडे गेले होते. पण तशीच गेले होय? त्याची आणि माझी, दोन्ही किल्ल्या गुनारला दिल्या." क्र. ७ चे गुनार मासे धरायला गेले होते. "तिन्ही किल्ल्या इल्वाच्या हातात ठेवल्या. नर्स आहे ती. जीव वाचवायचं काम तिचं, माझं नाही." क्र. ९ च्या इल्वा बोटीवर होत्या. "पण चारही किल्ल्या अकरा नंबरच्या काकांना दिल्या रे! नगरपालिकेत तक्रारी बघतात ते. त्यांच्याइतका जबाबदार माणूस गल्लीत शोधून सापडायचा नाही."

४. आता पाच किल्ल्यांचा झालेला तो जुडगा काल श्री. एक्वाल यांच्याच टपालपेटीत, जाहिरातींच्या कागदांखाली सापडला. म्हणजे साऱ्या गल्लीच्या झाडांना पाणी घालण्याचे काम त्यांच्याचकडे होते आणि ते समुद्रात डुंबत होते. जुडगा पाहून ते म्हणाले, "पण मला कुणी विचारलं होतं का?"

५. कुंपण मेलेले नाही. साल नखाने खरवडली की आत हिरवे दिसते. ही रोपे वडिलांनी कित्येक वर्षे स्वतः वाढवली आहेत; एवढी मोठी दुसरी आमच्याकडे नाहीत. "शुद्ध हरपली म्हणून कुणाला पुरतात का?" असे ते आल्यागेल्याला विचारतात. पाणी मिळाले तर वसंतात पालवी फुटेल. परंतु निकालाआधी पाणी घातले तर जबाबदारी कबूल केल्यासारखे होईल, म्हणून श्री. एक्वाल नळ उघडत नाहीत. याच कारणास्तव शेजारीही झारीला शिवत नाहीत. मला तर फाटकाच्या आत यायचीच मनाई आहे.

६. अकरा नंबरचे काका म्हणजे आपणच, हे नमूद करताना मला संकोच होतो. आपण या प्रकरणातून बाजूला व्हावे अशी माझी मागणी नाही. एक तर ऑगस्टात कामावर दुसरे कोणी नाही, आणि जबाबदारी पुढे सोपवण्याचा गल्लीला आता पुरेसा सराव झाला आहे. तरी येत्या मेपर्यंत कुंपण उपटण्याचा आदेश देऊ नये, आणि तोवर कार्यालय सुटल्यावर घरी जाताना आपण स्वतः नळ उघडावा, ही विनंती. तक्रार आपल्याकडे आहेच. किल्लीही पाठवीत आहे.

आपला नम्र, आणि तहानलेल्या रोपांचा हमीदार,

येस्पर हॅगस्ट्रम
४ ऑगस्ट

सोबत :
१. कराराची प्रत.
२. खरवडलेली फांदी, आतून हिरवी. कृपया ओलसर ठेवावी.
३. किल्ल्यांचा जुडगा. (श्री. एक्वाल त्याला हात लावत नाहीत.) लाल दोरीची किल्ली आपली. आपल्या खिडकीतली टोमॅटोची सुकलेली रोपे रस्त्यावरून पाहिली. त्यांना हमी नव्हती.