देलियासाठी हिरवी सायकल

कन्यार, १० फेब्रुवारी १९९९

ती. झोइलाताईस,
धाकट्या लिसांद्रोचा सा. न. वि. वि.

मी आणि देलिया मजेत. बटाटा यंदा बरा आला. पत्राचं कारण, तुझ्या भाचीला खालच्या गावात नर्सिंगच्या वर्गात जागा मिळाली. अंतर नऊ किलोमीटर, बस आठवड्यातून दोनदा. पोरगी म्हणते, डोंगरात चालणारी सायकल घेऊन द्या, रोज जाऊन येईन. तिची आई असती तर तिनंच बघितलं असतं. मला सायकलीतलं चाक सोडून काही कळत नाही. दोन डुकरं विकून नऊ लाख सुक्रे जमवलेत, त्यावर एक दमडी नाही. तुझ्या गाळ्याशेजारच्या सायकलवाल्या विल्मनला विचारशील का? तुला बघून तो भाव पाडतो म्हणे. या वयात हे बरं नव्हे!

आहे तो लोभ असाच राहू दे.
तुझा लिसांद्रो

क्वेंका, १७ फेब्रुवारी

चि. लिसांद्रोस,
अनेक आशीर्वाद.

पन्नाशी आली तरी वात्रटपणा गेला नाही तुझा. विल्मन माझ्या पोराच्या वयाचा आहे! पण माणूस सरळ. त्यानं दोन सायकली दाखवल्या. एक नवी, झगमगीत, पुढेमागे स्प्रिंगा. मला तीच आवडली. तर म्हणाला, मावशी, या किमतीतल्या स्प्रिंगा शोभेच्या. चढावर पोरीचा जीव काढतील आणि वर्षभरात खुळखुळा होईल. दुसरी जुनी, हिरवी, रंग उडालेली. पण सांगाडा पोलादी, कुठे वाकलेला नाही, गियर अठरा. तुमच्या उतारावर ब्रेक महत्त्वाचे, ते नवे बसवून देईन म्हणतो. साडेआठ लाख, आणि उरलेल्या पन्नास हजारांत खोल खाचांचे टायर. देलियाच्या पायाचं माप कळव, सायकल उंच झाली तर पडेल. लवकर कर. सुक्रे रोज घसरतोय, विल्मन तरी भाव किती दिवस धरून ठेवणार?

पोरीला माझे दोन पापे.
झोइला

कन्यार, २२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
देलियाचा सा. न.

पायाचं माप चौऱ्याहत्तर सेंटीमीटर. बाबांनी दोरीनं मोजलं, दोनदा चुकले आणि दोरीलाच शिव्या दिल्या. मला हिरवीच हवी. एक विचारू? बाबांना सांगू नकोस. पुढे कधी विकावी लागली, तर हिरवीचेच पैसे जास्त येतील ना? सहज विचारतेय. आमच्या वर्गाच्या बाईंना चार महिने पगार नाही. वस्तीतल्या सोळा जणी होडीनं उत्तरेला डॉलर कमवायला गेल्या, गेल्या आठवड्यात माझी मैत्रीणही. बाबा म्हणतात, आपल्याला काय कमी आहे? बाबांना काही कमी वाटतच नाही.

तुझी माया असू दे.
देलिया

कन्यार, १० जून

ती. ताईस सा. न.

देलिया सोमवारी सकाळी सायकलवरून गेली ती आली नाही. आज गुरुवार. तिकडे आली आहे का? बसवाल्याच्या हातीच उत्तर दे.

ताई, मी रोज कठड्यावर उभा राहून तिला उतरताना बघायचो. पुस्तकांची पिशवी पाठीला, वळणावर हात हलवायची. काल वर्गाच्या गावी गेलो तर दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, मार्चपासून वर्ग बंदच आहे. तीन महिने माझी पोर एका घरी धुणी धूत होती. संध्याकाळी मी विचारायचो, आज काय शिकलीस? ती मला सांगायची. जखम कशी बांधायची, ताप कसा बघायचा, सगळं.

लिसांद्रो

क्वेंका, २ जुलै

प्रिय लिसांद्रोस,

बसवाल्याबरोबर दोन ओळी धाडल्या होत्या, आता सगळं लिहिते. ती सोमवारी दुपारी माझ्याकडे आली होती. पासष्ट किलोमीटर, एकटी, धुळीनं माखलेली. म्हणाली, इथल्या दवाखान्यात परीक्षा आहे. मी तिला उकडलेला मका आणि डुकराचं मटण वाढलं, पोटभर जेवली. सकाळी उठले तर अंथरूण घडी घातलेलं. सायकल विल्मनला अकरा लाखांना विकून गेली. त्याला वाटलं, मला ठाऊक आहे.

मी बंदरावर जाऊन आले. त्याच आठवड्यात मासेमारीची एक होडी देलियासकट माणसं घेऊन उत्तरेच्या वाटेवर, ग्वातेमालाकडे निघाली होती. पोचल्याची खबर नाही. होडीवाल्याच्या बायकोनं मला खुर्ची दिली आणि स्वतःच रडायला लागली. ते बघून मी काय ते समजले.

हिरवीचा भाव पडत नाही, हे मीच तिला लिहिलं होतं रे. मला चार शिव्या दे, पण गप्प राहू नकोस.

झोइला

कन्यार, १९ सप्टेंबर

ती. ताईस,
लिसांद्रोचा सा. न.

शिव्या कसल्या देऊ? तू सायकल निवडलीस, चांगली निवडलीस. तिनं मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं. म्हणूनच तिनं विचारलं नाही.

परवा पाद्रीबाबा घरी आले होते. मृतांच्या प्रार्थनेत देलियाचं नाव घालू का म्हणाले. मी म्हटलं, प्रवासातल्या माणसांत घाला. ते म्हणाले, लिसांद्रो, तीन महिने झाले. मी म्हटलं, बाबा, लांबचा प्रवास आहे.

आज त्यांनी तिचं नाव प्रवाशांत वाचलं. सगळं चर्च माना खाली घालून बसलं होतं. मी एकट्यानं मोठ्यानं आमेन म्हटलं.

तूही तिकडे तसंच वाचायला सांग. माझ्यावर एवढी माया कर.

तुझा
लिसांद्रो