मधल्या पानावरचा घोडा

अहो,

मायना एवढाच घालते. सगळ्या संसारात याच्याखेरीज दुसऱ्या कशानं तुम्हाला हाक मारली नाही, आता कागदावर तरी नाव कसं घेऊ? आणि पत्र लिहायची वेळ तरी कधी आली होती? पुढं बाइंडिंगचं दुकान, मागं दोन खोल्या. तुम्ही नुसतं खाकरलात तरी मला चुलीपाशी ऐकू यायचं.

आज लिहायला बसले, कारण हात रिकामे राहिले तर मी शिकंजा उघडीन. तुमचा तो लोखंडी शिकंजा मी आत्ताच आवळलाय. दोन फळ्यांच्या मध्ये, टिपकागदात गुंडाळलेलं तुमचं घोडेस्वाराचं कॉमिक्स आहे. पायरीवरचं ऊन सरेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही, हे तुमचंच सांगणं. आणि त्याच पायरीवर, माझ्याकडं पाठ करून, भाऊजी बसलेत.

हो, तुमचे धाकटे भाऊ. लासुर्ण्याहून सकाळच्या एसटीनं आलेत. पुस्तकाची पाठ नीट जुळली असली तर ते आत येतील. नसली तर संध्याकाळच्या गाडीनं परत जातील, आणि आपल्या शोभाच्या कन्यादानाला कोण बसणार हे मला ठाऊक नाही.

तुम्ही तसं का केलंत, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आज विचारते.

वाटणीचा दिवस आठवतो ना? लिंबाखाली पंच बसले होते. रान वाटलं, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, उरलीसुरली मेंढरं वाटली. पाटा-वरवंटासुद्धा सोडला नाहीत तुम्ही दोघांनी. पाटा त्यांच्याकडं गेला, वरवंटा आपल्याकडं आला, आणि पुढं वर्षभर दोन्ही घरांत चटणी धड वाटली गेली नाही. मग सगळ्यांत शेवटी कुणीतरी माळ्यावरून कॉमिक्सची पत्र्याची पेटी खाली काढली.

मामंजी लोकर विकायला बारामतीच्या बाजारात यायचे, तेव्हा रद्दीवाल्याकडून एखादं घेऊन जायचे. तुम्ही दोघं मेंढरांमागं हिंडताना तेच वाचायचात, एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं कळप बघायचा. हे सगळं तुम्हीच मला लग्नानंतर सांगितलंत. सांगताना तुमचा चेहरा इतका लहान व्हायचा की मला हसू यायचं.

भाऊजी म्हणाले, "ह्यातबी निम्मं निम्मं."

मोजून वाटली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण ते घोडेस्वाराचं दोघांनाही हवं होतं. तुम्ही बाइंडर माणूस. गिऱ्हाइकानं पुस्तक पाठीला धरून उचललं तरी डोळे वटारणारे. त्या दिवशी तुम्ही ते उचललंत, मधोमध उघडलंत आणि पाठीतून उभं फाडलंत. तिथं थांबला असतात तर एक वेळ समजलं असतं. तुम्ही पेटीतलं एकेक काढून फाडत गेलात. पुढची निम्मी भावाकडं, मागची निम्मी स्वतःकडं. मुखपृष्ठं सगळी त्यांना दिलीत. एवढ्या रागातसुद्धा थोरला भाऊ असल्याचं तुम्ही विसरला नाहीत, याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं आणि आजही वाटतं.

भाऊजींनी ती निम्मी पुस्तकं गोळा केली आणि सगळ्यांसमोर बोलले, "दादा, ही जशी हुती तशी जोडशील, तवाच तुझ्या उंबऱ्याला पाय लावीन."

बोलले ते बोलले. आपल्या माणसांचं हे एक आहे, शब्द गिळायचा तर घास अडकल्यासारखं होतं त्यांना. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या छातीत कळ आली आणि सगळं आवरलं, तेव्हा भाऊजी आले होते. समोरच्या एसटीडी बूथच्या भिंतीला टेकून उभे होते. बायाबापड्या म्हणाल्या, सख्खा भाऊ आणि दारात येत नाही. मीही तेव्हा मनात नको ते बोलले. पण स्मशानाला उंबरा नसतो. रस्त्यावर येताच त्यांनी खांदा दिला आणि नदीपर्यंत बदलू दिला नाही.

आणि तुम्ही? तुमचंही काही कमी नव्हतं. फाडल्यावर काही वर्षांनी एका दुपारी तुम्ही तुमची निम्मी पुस्तकं काढून बसलात. गंजलेल्या पिनांचे डाग खरवडलेत. दुमडलेले कोपरे ओलसर टिपकागदाखाली सरळ केलेत. प्रत्येक पानाच्या फाटक्या कडेला पातळ कागदाची पट्टी लावलीत, अर्धी चिकटवलेली आणि अर्धी मोकळी. मोकळा भाग भावाच्या पानासाठी. खळ मीच शिजवून द्यायची, कसर लागू नये म्हणून चिमटीभर मोरचूद घालून. तो पातळ कागद कुठून आणलात, हे मला फार उशिरा कळलं. आपल्या लग्नाच्या अल्बममधल्या फोटोंवरचे जाळीचे कागद तुम्ही एकेक करून कापलेत, आणि आता माझी आई माझ्या मावशीला चिकटून बसली आहे.

त्यावर मी चिडले नाही. चिडले ते दुसऱ्याच गोष्टीवर. मी दर वेळी म्हणायचे, "निरोप धाडा की भाऊजींना." तुम्ही म्हणायचात, "त्याची निम्मी घिऊन तो येईल." कसे येणार होते हो? तुम्ही जोडायला बसलात हे त्यांना स्वप्नात कळणार होतं? मोकळ्या पट्ट्या लोंबत ठेवल्यात, आणि एक पोस्टकार्ड टाकलं नाहीत.

शोभाला इंदापूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला आहे, लोणी देवकरला कारखान्यात कामाला जातो. तुम्हाला जाऊन वर्ष व्हायच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, म्हणून घाई झाली. कन्यादानाला जोडपं लागतं. मी तिला जन्म दिलेला चालतो, पण दान द्यायला मी चालत नाही. ते भांडण मी पुढं कधीतरी काढीन. माझा भाऊ बसतो म्हणाला, तर तुमची लेक म्हणते, "काका असताना मामा का? काका न्हाय आला तर मी बोहल्यावर चढणार न्हाय." कोणाची लेक आहे, ते बोलण्यावरून कळतंच.

म्हणून मी लासुर्ण्याला गेले. लग्नाचं एक अक्षर बोलले नाही. भाऊजी ओसरीवर बाजेवर बसले होते. त्यांच्यापुढं तुमच्या घोडेस्वाराचं अर्धं ठेवलं. त्यांनी पानं उलटली. मोकळी पट्टी बोटावर घेतली, पुढच्या पानाची घेतली, मग त्याच्या पुढच्या पानाची. "ह्ये कवा केलं दादानं?" एवढंच विचारलं. मी सांगितलं. जाऊबाईंनी चहा आणला, तो त्यांच्यापुढं तसाच निवला.

आज सकाळी खताच्या पिशवीत त्यांची निम्मी घेऊन आले. पायरीवर बसले, पिशवी उंबऱ्यावरून आत सरकवली. लिंबाचा पाला घालून जपली होती त्यांनी, एका पानाला सुरकुती नाही. मग मी दोन्ही अर्धी शेजारी ठेवली.

तुमची बाजू तोकडी होती.

अहो, तुम्ही ती कटिंग मशीनला घातलीत! चारी बाजूंनी. रजिस्टर असो की पोथी, कडा सरळ केल्याखेरीज तुम्हाला राहवायचं नाही. पण यालाही? वर, खाली, आणि फाटलेल्या बाजूनंही सुतभर. पिनांची अर्धी भोकं गेली. ती असती तर भोकाला भोक लावून मी डोळे मिटून जोडलं असतं.

भाऊजींनी पायरीवरून पाहिलं. "वहिनी, ह्ये कापलंय."

"सवयीनं कापलं असंल," मी म्हटलं.

"निम्म्यातलंबी त्यानं कापलं. मला न इचारता." ते उठले. टोपी झटकली. पिशवी द्या म्हणाले नाहीत, नुसता हात पुढं केला. शोभा मागच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या ओढणीचं टोक तिच्या दातात होतं.

मी पिशवी दिली नाही. मधलं पान काढलं. त्या एकाच पानावर चित्र दोन्हीकडं पसरलेलं आहे, त्यांच्याकडं घोड्याची पाठ आणि वर बसलेला तो, तुमच्याकडं घोड्याची मान आणि तोंड. पट्टीला खळ लावली आणि अंदाजानं त्यांचं पान टेकवलं.

"वर घ्या," भाऊजी म्हणाले. ते अजून पायरीवर उभेच होते. "लगाम जुळंना."

मी वर घेतलं.

"लई झालं. खाली. आता मान मोडली बघा त्याची."

"मला हितनं दिसत न्हाय, भाऊजी. खळ वाळायला लागली."

ते आत आले. चपला घालून, तरातरा, माझ्या हातातून पान काढून घेतलं आणि वाकून, श्वास धरून, नखानं केसभर केसभर सरकवत लगामाला लगाम लावला. "ह्यो आमचा घोडा असा पळायचा," म्हणाले. मग वर पाहिलं, आणि मागं राहिलेल्या उंबऱ्याकडं. त्यांनाही कळलं, मलाही कळलं, शोभालाही कळलं. ते वळले आणि पुन्हा पायरीवर जाऊन बसले. "जुळलं कुठं हाय अजून," बाहेरूनच म्हणाले.

त्यानंतर दुपारपर्यंत एकेक पान ते उंबऱ्यावरून माझ्या हातात देत गेले. मधल्या पानाच्या मापानं मी बाकीची लावत गेले. मुखपृष्ठ शेवटी लावलं. घडी घातली, दोऱ्यानं शिवलं, पाठीवरून घडी दाबायची हाडाची पट्टी फिरवली आणि शिकंज्यात दिलं. चाक जड जातं मला. तुमच्याइतकं आवळलं गेलंय का, की जास्त झालं? जास्त झालं असलं तर ओल्या पट्ट्या सरकल्या असतील आणि घोड्याची मान पुन्हा मोडली असेल. मघापासून मी तेच बघतेय, चाकाकडं आणि पायरीवरच्या उन्हाकडं. भाऊजींनी गाडीची वेळ विचारून घेतलीय शेजारी.

ऊन सरलं. उघडते.

उघडला. चाक शोभानं फिरवलं. टिपकागद सोडवला. पाठ सरळ आहे हो, तुमच्या हातची वाटावी अशी. पानं चिकटली नाहीत. मधलं पान उघडून भाऊजींपुढं धरलं. लगाम जुळलाय. फक्त तुम्ही सुतभर कापलंत, तेवढी पांढरी रेघ घोड्याच्या मानेपाशी उभी राहिली आहे. ती काही केल्या जाणार नाही.

त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"मधलं जरा गेलंच," म्हणाले.

"गेलं," मी म्हटलं.

त्यांनी पायरीवर चपला काढल्या. या वेळी नीट, एकीला एक लावून. आत आले, तुमच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "शोभे, काकाला पाणी दे. अन् हळद कवा हाय, ते सांग."

ती पाणी आणायला गेली ती मोरीतच रडत बसली. मग मीच तांब्या दिला.

पेटीतली बाकीची अजून राहिलीत. ती मी जोडीन, भाऊजी दर बाजारच्या दिवशी येतो म्हणालेत. पण त्या पुस्तकांना मी तुमचं कटिंग मशीन लावणार नाही, हा माझा शब्द. त्यांची बाजू तुमच्या बाजूपेक्षा सुतभर बाहेर राहील. राहू दे. उघडणाऱ्याला कळेल की हे दोघांचं होतं.

तुमचीच,
इंदू