वत्सलाचा विषय

परळी वैजनाथ,
६ जुलै १९८७

तीर्थरूप दादांस वत्सलाचा साष्टांग नमस्कार.

मी अकरावीला विज्ञान घेतलं नाही, अर्थशास्त्र घेतलं. आधी रागावून घ्या, मग पुढचं वाचा. धर्मराजमामा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं, इथल्या थर्मल वीजकेंद्रात सायन्सवाल्यालाच नोकरी. अर्थशास्त्र शिकून ही काय पापड लाटणार? मामी म्हणाल्या, लाटील की, तुम्हाला तर तेही येत न्हाई.

हा विषय का घेतला, असं अर्थशास्त्राच्या सरांनी प्रत्येकाला विचारलं. मी सांगितलं, माझे वडील गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आहेत. दुष्काळात त्यांनी संस्थेची चारा छावणी उघडून गावाची गुरं जगवली. हे कसं घडतं ते मला शिकायचंय. सर खूश झाले.

आईचा खोकला कसा आहे? लोभ आहेच, तो वाढू द्या.

तुमची,
वत्सला

सावरदरा, ता. पाटोदा,
२० जुलै १९८७

चि. वत्सलास दादाचे अनेक आशीर्वाद.

राग आलता, पण छावणीत बसून पत्र वाचलं आन् गेला. चार लोकांना वाचून दाखवलं. तुझी आई म्हणती, पोरीनं डॉक्टर व्हायला पाहिजे होतं. मला मात्र लई बरं वाटलं. पाऊस अजून न्हाईच. कारखान्याकडून उसाचं वाढं येतं, त्यावर गुरं तग धरून हायेत. संस्थेचं काय लागंल ते विचार. लपवण्यासारखं काई न्हाई.

मामाशी भांडू नको. आठवण ठेव.

तुझा,
दादा

परळी वैजनाथ,
२३ ऑगस्ट

तीर्थरूप दादांस नमस्कार.

सरांनी सहकार शिकवायला घेतला आणि मला उभं करून आपल्या छावणीबद्दल सांगायला लावलं. मी भरभरून बोलले. गावातलं एकही जनावर दारातून परत गेलं नाही, असंही म्हणाले.

माझ्या वर्गात बायना आहे. आपल्या गावच्या सटवा मेंढपाळाची लेक, इथं मावशीकडं राहते. ती सारा वेळ मान खाली घालून बसली होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, तर हळूच म्हणाली, "चैतात माझा बाप गेलता की तुझ्या बापाकडं. सभासद न्हाईस म्हणून मेंढरं माघारी लावली."

तिनं सगळ्यांसमोर मला खोटं पाडलं असतं तरी चाललं असतं. तिनं तेही केलं नाही, त्याची जास्त लाज वाटते.

दादा, हे खरं आहे का? तुमचं उत्तर येईपर्यंत मला त्या तासाला बसवणार नाही.

वत्सला

सावरदरा,
१४ सप्टेंबर

चि. वत्सलास आशीर्वाद.

खरं हाय. आधी तुझ्यावरच चिडलो. पोरीचा विषय बदला, असं मामाला लिहिणार होतो. संस्थेचे पंच तवा म्हणाले, मेंढरं घेतली तर गुरांना काय उरंल? मी एक शब्द बोललो असतो तर त्यांनी ऐकलं असतं. मी नियमाच्या आड लपलो.

परवा सटवाच्या पालावर गेलो. तो कामाला गेलता. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं घोंगडं टाकलं, पाण्याचा तांब्या दिला. म्हणलं, मेंढरं आणा, उद्यापासून चारा देतो. ती चिडली न्हाई. म्हणली, "कोणती आणू, मालक? मेली ती का खाटकाला दिली ती?"

काल सभा घेतली. मेंढपाळांना सभासद करायचा ठराव मांडला. दोघं उठून गेले, बाकीच्यांनी हात वर केले. ठराव झाला, पण मला कुणाच्या तोंडाकडं बघवलं न्हाई.

तू तासाला बस. विषय सोडू नको. आन् बापाला एकदम टाकू नको.

दादा

परळी वैजनाथ,
२२ सप्टेंबर

तीर्थरूप दादांस नमस्कार.

तुमचं पत्र मी बायनाला वाचून दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग एवढंच विचारलं, "माझी आई तुझ्या बापाला मालक म्हणली?" आणि मावशीकडं निघून गेली.

आज मी तासाला गेले. तिच्याच बाकावर जाऊन बसले. ती सरकली नाही, पण उठूनही गेली नाही. बाकाच्या टोकावर कशीबशी टेकून मी सर सांगतील ते उतरवून घेतलं.

तुम्हाला टाकलेलं नाही, दादा. आईला जपा.

तुमचीच,
वत्सला