काळ्या भाताचं पाणी

२६ ऑक्टोबर २००४, मंगळवार

सकाळी आठला बेल. दारात वरच्या मजल्यावरच्या सोलांजबाई. उजवा हात प्लास्टरमध्ये, डोक्यावर जांभळी हॅट, चर्चला निघाल्यासारख्या. म्हणाल्या, "चल, बसस्टॉपपर्यंत सोड मला." म्हटलं, आज मंगळवार आहे. जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग, "हो तर. हॅट तुला दाखवायला आणली." आत येऊन कॉफी प्यायल्या. हॅट काढली नाही.

तेव्हा मी हसले. आता लिहिताना हसू येत नाहीये.

मनगट मोडून त्यांना तीन आठवडे झाले. त्यांच्या मुलीनं, क्लेरनं, बर्लिनला तिच्या घराजवळच्या हाइममध्ये आईसाठी जागा बघून ठेवली आहे. म्हाताऱ्या माणसांचं हाइम. वीस नोव्हेंबरपर्यंत हो की नाही कळवायचंय. बाईंना जायचं नाही. "लुडविग्सहाफेनच्या मातीत माझा नवरा आहे. इथला बेकर मला ओळखतो. तिथे मला कोण ओळखतं?"

सात तारखेला क्लेर येतेय. तिला बाईंच्या हैतीचा काळा भात खायला घालायचा, तिच्या लहानपणीचा. म्हणजे तिला कळेल, आई अजून सगळं करू शकते. "मग बघू कोण कोणाला हाइममध्ये घालतं."

करणार मी. हात माझे, डोकं त्यांचं. हो म्हणून बसले.

३० ऑक्टोबर, शनिवार

बाईंच्या स्वयंपाकघरात सराव. काळा भात जिच्यामुळे काळा होतो त्या वाळक्या अळंबीची पुडी एकच आहे, वर्षाला एकच येते, पॅरिसच्या कुणा ओळखीच्यांबरोबर बहिणीकडून. म्हणून आज नुसता लाल घेवड्याचा भात, म्हणजे आपला राजमा.

आधी हिरवं वाटण. पातीचा कांदा, पार्सली, लसूण, थाइम, सिमला मिरची. ते तेलात परतायचं. दोन लवंगा. घेवडा शिजला तसं मी पातेलं सिंककडे नेलं, पाणी काढायला. बाईंनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. चांगलं घट्ट. "पाणी टाकतेस? भाताला रंग कोण देणार, तुझी सासू?"

मग तांदूळ त्याच पाण्यात. वर एक अख्खी तिखट मिरची, देठासकट. ती फुटता कामा नये. "तिनं स्वयंपाक करायचा नाही. फक्त लक्ष ठेवायचं."

खुर्चीत बसून काठीनं एकेक गोष्ट दाखवत होत्या. मीठ झालं का, विचारलं. झालं. पाच मिनिटांनी परत विचारलं. झालं. मग मी पेल्यात पाणी घ्यायला वळले तेवढ्यात स्वतःच उठून घातलं.

भात खारट. दोघींनी मुकाट्यानं खाल्ला. तळाची खरपूड मात्र सुंदर. ती त्यांनी चमच्यानं खरवडून मला दिली, म्हणाल्या ही आवडत्या माणसाला द्यायची असते.

२ नोव्हेंबर, मंगळवार

प्रकाश म्हणतो, तू यात पडू नकोस. "उद्या शेगडी चालू राहिली, आग लागली, तर क्लेर तुलाच विचारेल, तुम्ही तर खालीच राहता." बरोबर आहे. तो कारखान्यात सुरक्षिततेच्या मीटिंगा घेतो, त्याला सगळीकडे आधी आग दिसते. पण बरोबर आहे.

मी त्याला हॅटबद्दल सांगितलेलं नाही. मिठाबद्दलही.

नऊ वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा कचऱ्याचे चार डबे कसे सांभाळायचे हे मला त्यांनी शिकवलं. कुठल्या डब्यात काय, ते नाही. चुकलं तर शेजारीण ओरडेल, तिला काय उत्तर द्यायचं, ते. दोघींचं जर्मन मोडकं. तिचं फ्रेंचच्या अंगानं मोडलेलं, माझं मराठीच्या. म्हणून आम्हाला एकमेकींचं नीट कळतं. (वाचून बघितलं. "तिचं" लिहून गेले. समोर कधी म्हणत नाही.)

संध्याकाळी बाईंनी काळ्या भाताची कृती तोंडी सांगितली, न अडखळता. कढत पाणी. त्यात वाळकी अळंबी अर्धा तास. पाणी शाईसारखं होतं. ते गाळून जपून ठेवायचं, त्यातच तांदूळ शिजवायचा. अळंबी टाकून द्यायची, तिच्यात काही उरत नाही. मी लिहून घेतलं. त्यांनी कागदाकडे बघून तोंड वाकडं केलं. "मी मेले नाहीये अजून. विचार की."

७ नोव्हेंबर, रविवार

साडेनऊला वर गेले. मुक्ता बरोबर, वाटाणे सोलायला. पंधरा वर्षांची पोर घरी ताट उचलत नाही, तिकडे ओमा सोलांजसाठी, म्हणजे तिच्या सोलांजआजीसाठी, सगळं करते.

बाईंनी जांभळा झगा घातलेला. ठणठणीत. पुडी त्यांनी स्वतः फोडली. वास असा, की... ओल्या लाकडाचा, धुराचा. अळंबी म्हणजे नुसत्या काळ्या काड्या. पाणी खरंच काळंभोर झालं. मी वाटणात गुंतले होते. मुक्ता टेबल मांडायला बाहेरच्या खोलीत.

पाणी पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर बाईंनी डाव्या हातानं भांडं सिंकवर उपडं केलेलं, खाली चाळणी. पाणी गेलं. चाळणीत अळंबी. बाई चाळणीकडे इतक्या मायेनं बघत होत्या, जणू त्याच वाढायच्या आहेत. "झालं," म्हणाल्या.

सिंक काळं झालं होतं, मांजराच्या पाठीसारखं. मग त्यांचा चेहरा हळूहळू बदलायला लागला आणि तेवढ्यात बेल. क्लेर. आधीची गाडी मिळाली म्हणे.

उंच, कोट अंगावरच, सरळ स्वयंपाकघरात. आईचा मुका घेतला, सिंककडे बघितलं. तिचं लहानपण याच घरात गेलं, तिला बघताक्षणी कळलं. ती आईला मामा म्हणते. अगदी हळू म्हणाली, "मामा?"

मी म्हटलं, "माझी चूक. मी टाकलं."

"तुम्ही?"

"आमच्याकडे कडधान्य भिजवलेलं पाणी टाकून देतात. सवयीनं हात गेला."

"आणि मामा बघत होती?"

"त्या बाहेर होत्या. टेबल मांडत."

एक खोटं बोलले तर त्याला टेकू म्हणून दुसरं. दारात मुक्ता उभी होती, हातात काटे-चमचे.

क्लेरचे खांदे खाली आले. हसायलाच लागली, डोळे पुसत. "आल्झो, अहो फ्राऊ लिमये, तुम्ही मला केवढं घाबरवलंत."

अळंबी परत उकळली. पाणी राखेच्या रंगाचं निघालं. त्यातच भात केला, वाटाणे घालून. मिरची फुटली नाही. सगळ्यांनी दोनदा घेतला. बाई म्हणाल्या, "हा भारतीय काळा भात. पांढरा असतो."

जाताना क्लेर जिन्यात म्हणाली, मामा मला वाटलं होतं त्याहून खूप बरी आहे. हाइमला "नाही" असं कळवायचा विचार करतेय. आणि माझे दोन्ही हात हातात घेतले.

८ नोव्हेंबर, सोमवार

मुक्ता सकाळी दूध ओतून घेताना, जर्मनमध्ये, माझ्याकडे न बघता: टेबल मी मांडत होते.

"हो."

"मग तू खोटं का बोललीस?"

"अगं, त्यांच्यासाठी."

"त्यांच्यासाठी की तुझ्यासाठी?"

दप्तर घेऊन गेली. तिला कळतं सगळं मराठी, उत्तर मात्र त्या भाषेत देते जिथे मी हळू पडते.

माझ्यासाठी? त्या गेल्या तर वरचा मजला रिकामा होईल. दुपारी चारची कॉफी जाईल. हे मी काल सिंकपाशी मनात आणलं होतं का? नाही. वेळच नव्हता. पण मन वेळ लावतं कुठे.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

मानहाइमची दोन मराठी कुटुंबं आली होती. चकल्या यंदा बऱ्या. सोलांजबाईही आल्या, हॅट घालून. सगळ्यांना गोष्ट सांगितली: ही माझी मैत्रीण, वर्षभराच्या अळंबीचं पाणी हिनं सिंकमध्ये ओतलं, मी तिकडे टेबल मांडतेय आणि इकडे ही! सगळे पोट धरून हसले. मानहाइमच्या वहिनी म्हणाल्या, "वसुधा, तू तर कमालच केलीस बाई."

मीही हसले.

बाईंचं बघत होते सारखी. सोंग करतायत का? डोळा मारतील, हात दाबतील, काहीतरी खूण. काही नाही. त्यांना तसंच आठवतंय. मी सांगितलं तसं. त्यांच्या डोक्यात जी थोडी जागा उरली आहे तिथे मी खोटी गोष्ट नेऊन ठेवली.

की सोंगच? इतकं छान?

१७ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी क्लेरचा फोन. आईकडे नाही, माझ्याकडे.

"फ्राऊ लिमये, हाइमला शनिवारपर्यंत कळवायचंय. जागा सोडली तर परत दोन वर्षं मिळायची नाही. मी महिन्यातून एकदा येणार, ती त्या दिवशी नटूनथटून बसणार. रोज तुम्ही बघता. तुमच्याकडे किल्ली आहे. मला फक्त एवढं सांगा, ती एकटी राहू शकते का?"

म्हटलं, उद्या-परवा करते फोन.

"गेनाऊ, बरोबर," ती म्हणाली. "नीट विचार करून सांगा. तुमच्यावरच आहे."

फोन ठेवला. भाजी करपली.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

नाशिकला फोन केला. आईशी दोन मिनिटं बोलणं. जेवलीस का, थंडी आहे का, मुक्ता कितवीत. मुक्ता कितवीत हे परत विचारलं. मग वहिनीनं फोन घेतला. "सगळं ठीक आहे, वन्सं. आईंची काही काळजी करू नका."

नेहमी हेच म्हणते. नेहमी मी हुश्श करून फोन ठेवते. आज ठेववेना. विचारलं, "वहिनी, खरंच ठीक आहे?"

मागे कुकरची शिट्टी.

"तुम्ही तिकडे एवढ्या लांब. तुम्हाला सांगून काय करू, वन्सं?"

म्हणजे?

तिला पुढे विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. पण मला आज पहिल्यांदा वाटलं की नऊ वर्षं मी आईला बघत नाहीये, वहिनीनं माझ्यासाठी नीट आवरून ठेवलेली आई बघतेय. आणि वहिनीनं ते माझ्यावरच्या मायेनंच केलंय. राग धरायला जागा नाही. राग आला मात्र.

क्लेरला मी तेच केलं.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रकाशला सगळं सांगितलं. हॅट, मीठ, पाणी. मला वाटलं, म्हणेल, मी सांगत होतो. तसं म्हणाला नाही. चष्मा पुसत बसला. मग, "क्लेरला सांगून टाक. पण आधी सोलांजबाईंना सांग. त्यांच्या पाठीमागे नको."

मुक्ता ऐकत होती. उठून माझ्या पाठीवर हात ठेवून गेली. बोलली काहीच नाही, कुठल्याच भाषेत.

२० नोव्हेंबर, शनिवार

दहाला वर गेले. बाई खिडकीशी, डाव्या हातानं रेडिओची तार लावत. प्लास्टर परवा निघालं, मनगट बारीक झालंय, पण अजून उजवा हात मांडीवर तसाच सांभाळून ठेवतात.

बसले. सरळ सांगितलं. "ते पाणी मी नव्हतं टाकलं."

रेडिओ बंद केला त्यांनी.

"माहीत आहे," म्हणाल्या. "वाफ माझ्या चष्म्यावर आली होती. तू तर तिकडे लसूण वाटत होतीस."

"मग दिवाळीला..."

"तू मला एक गोष्ट दिलीस, मी ती घातली अंगावर. चांगली बसली." मग, "कधी कधी मला तीच खरी वाटते. सकाळी उठते तेव्हा तीच खरी असते. दुपारपर्यंत दुसरी आठवते. हे तुला सांगणार नव्हते."

मग मी क्लेरच्या फोनचं सांगितलं. तिला आज उत्तर हवंय म्हटलं. मला खोटं बोलवत नाही आणि खरं बोलायचा हक्क माझा नाही. हे वाक्य मी जिन्यात जर्मनमध्ये जुळवत आले होते, तरी क्रियापद चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं. तेही चूकच.

खूप वेळ खाली रस्त्याकडे बघत होत्या. ट्राम गेली. एक सायकलवाली बाई गेली.

"शेरी," म्हणाल्या, लाडानं म्हणतात तसं, "तुला काय वाटतं? मी राहू शकते?"

हा प्रश्न त्यांनी मला आजवर विचारला नव्हता. क्लेरनं विचारला, प्रकाशच्या मनात होता. मी म्हटलं, "मी खाली असले तर, बरेच दिवस. मी नसले तर, नाही." आणि म्हटलं, प्रकाशची बदली कधीही होऊ शकते. हे खरं आहे. आजपर्यंत मोठ्यानं बोलले नव्हते.

त्यांनी मान हलवली. "मग मीच सांगते तिला." फोन पुढे ओढला. नंबर मनात सापडेना, भिंतीवरच्या कागदावर बघून मी फिरवला. रिसीव्हर त्यांनी उजव्या हातात घेतला, पहिल्यांदाच, दुखत असणार.

मी उठून बाहेर आले. दार अर्धं लावलं. "क्लेर? से मामाँ." मी आई बोलतेय, एवढं कळलं. पुढे सगळं फ्रेंच, एकदम भरभर, मी कधी ऐकलं नव्हतं त्यांना असं बोलताना. म्हाताऱ्या वाटल्याच नाहीत. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले.

माझं नाव दोनदा आलं. पहिल्यांदा त्या हसत होत्या. दुसऱ्यांदा नाही.