घोड्यांचे पिक्चर आणि बायजाचे नाव

मी, कुमारी दुर्गा वामन वझे, वय वर्षे त्र्याहत्तर, गावच्या वाचनालयातून निवृत्त, राहणार मौजे थळ, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्याच हाताने आणि माझ्याच अक्षरात लिहीत आहे. लिहिण्यास मला कोणी भाग पाडलेले नाही. एक नाव लिहू नको असे मात्र एकाने सुचवले, त्याचा उल्लेख पुढे येईल.

एकोणिसाव्या वर्षी क्षयाची इंजेक्शने झाली. क्षय गेला, जाताना दोन्ही कान घेऊन गेला. मराठी मला ओठांवरून वाचता येते. बहिऱ्या माणसाला समजत नाही असे समजणारे लोक पुष्कळ असतात आणि उद्या या कागदावर तशी शंका घेतली जाईल, म्हणून डॉ. अनीश मोकल यांनी मला तपासून दाखला दिला आहे. आज वार कोणता, असे त्यांनी चिठ्ठीवर लिहून विचारले. मी लिहिले, मंगळवार, आणि तुमच्या शर्टाचे दुसरे बटण तुटले आहे. दाखला सोबत जोडला आहे.

कलम १. घराचा पूर्वेकडील अर्धा भाग, ओटी, माजघर आणि मागची पडवी यांसह, वडिलांच्या वाटणीपत्राने माझा आहे. तो मी माझे थोरले बंधू कै. महादेव यांचे चिरंजीव सुश्रुत यांस देत आहे. सुश्रुतने माझे कधी काही वाईट केलेले नाही. माझ्याशी बोलताना तो समोर येऊन उभा राहतो आणि ओठ नीट हलवतो. एवढे करणारी माणसे मला आयुष्यात चार-पाचच भेटली. कलम ४ वाचून त्याने मला विचारले, "आत्या, बाबांचं नाव घालायलाच हवं का? ते आता नाहीत." मी हो म्हटले. तो उठून गेला आणि तीन आठवडे आला नाही. तरी घर त्याचेच. या देण्याला कोणतीही अट नाही.

कलम २. ओटीवरील दूरदर्शन संच, व्हीसीआर, एकतीस कॅसेट आणि वडिलांची तपकिरी फेल्ट हॅट ही सुश्रुतची मुलगी गौरी हिला द्यावी. खाऱ्या हवेने निम्म्या कॅसेटना बुरशी आली आहे. तरी ती मागते आहे, म्हणून देते. तिला हे काय आहे ते कळावे म्हणून थोडे लिहिते.

वडिलांना घोड्यांच्या पिक्चरांचे वेड होते. अमेरिकन काउबॉयपटांना आमच्या घरात हेच नाव. मी बारा वर्षांची असताना त्यांनी मला रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला नेले आणि फोर्टात सकाळच्या खेळाला बसवले. पडद्यावर आधी नुसती जमीन होती, आपल्याकडे ओहोटीला वाळू दिसते तशी दूरवर. मग एक ठिपका, आणि तो मोठा होत होत घोडेस्वार झाला. त्याला जवळ यायला इतका वेळ लागला की मी वडिलांचा हात धरून ठेवला. ते म्हणाले, "घाई करू नकोस. येणारा माणूस कसा येतो ते बघायचं." हॅट त्यांनी त्याच दिवशी घेतली. थळच्या बाजारात ती घालण्याचे धैर्य त्यांना कधी झाले नाही.

कान गेल्यावर मराठी-हिंदी चित्रपट माझ्यापुरते संपले. गाणी, संवाद, पुन्हा गाणी, आणि मी नुसती हलणारी तोंडे बघत बसायची. घोड्यांच्या पिक्चरांत मात्र माझे काहीच गेले नव्हते. तिथला नायक बोलतच नसे. त्याला काय वाटते ते तो टोपी कशी काढतो, पेल्याकडे बघतो की दाराकडे, यावरून समजायचे. ते उंच, खांदे वाकवून चालणारे, ते निळ्या डोळ्यांचे, ते सदा दमलेले म्हातारे फौजदार, त्या सर्व नटांची मी ऋणी आहे. ज्या जगात सगळे एकमेकांशी बोलत होते, तिथे न बोलता सगळे सांगणारी माणसे मला त्यांनी दाखवली.

कलम ३. ओटीवरचा शिसवी बाक नूतन कमलेश कोळी हिने मागितला तर तिला द्यावा. न मागितल्यास घरात राहू द्यावा. त्या बाकावर तिची आई बसत असे.

बायजा येसाजी कोळी ही थळच्या कोळीवाड्यातली. आमच्या आळीत ती मासे विकायला येई. आम्ही घेत नसू, शेजारी घेत. १९८७ साली महादेवने मुंबईहून व्हीसीआर आणला. एका दुपारी रिकामी पाटी काखेत घेऊन ती ओटीच्या दाराशी थबकली. आत घोडे धावत होते. तिने मला विचारले, "हे कुठं चाललं सगळं?" मला माहीत नव्हते, तसे मी सांगितले. "मंग आपन बघू," म्हणून ती उंबऱ्याबाहेर टेकली. महिन्याभराने मी तिला हाताला धरून बाकावर बसवले. वहिनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अर्थात ते मला दुसऱ्या दिवशी कळले.

सात वर्षे, आठवड्यातून दोन-तीन दुपारी, आम्ही ते एकतीस पिक्चर पाहिले. मला ऐकू येत नव्हते, तिला इंग्रजी येत नव्हते. त्यामुळे त्या बाकावर आम्ही दोघी अगदी सारख्या होतो. नटांना नावे तिने ठेवली: ताडमाड, चिरूटवाला, मिचमिच्या, म्हातारा. मिचमिच्या तिचा लाडका. "त्याचे डोळे आमच्या मानसांवानी हायेत," ती म्हणे, "उनात दर्याकडं बघून बघून झालेले." वाळवंट बघून म्हणाली, "ह्यो पन दर्याच हाय. सुका, यवढंच."

संगीत तिने मला दिले. घोडे दुडके चालले की ती माझ्या तळहातावर बोटांनी ताल धरी. दोन माणसे रस्त्यात समोरासमोर उभी राहिली की माझे मनगट धरून हळूहळू दाबत जाई, आणि गोळी सुटली की सोडून देई. तिच्या हाताला मासळीचा वास असे. मी त्याला कधी नाक मुरडले नाही, हे लिहून ठेवते, कारण बाकी लिहिण्यासारखे माझ्याकडे फारसे चांगले नाही.

१९८९ साली येसाजी होडी घेऊन गेला तो परत आला नाही. तेराव्यानंतर ती आली, पाटी न घेता. म्हणाली, "ती बाय लाव, नवऱ्याला वाटेवर पुरते आनि गाडी हाकते, ती." मी ती कॅसेट लावली. ती रडली नाही. त्या बाईने लगाम हातात घेतले तेव्हा मात्र तिने माझे मनगट इतके दाबले की वळ उठले.

आणखी एक. या पिक्चरांत पुष्कळदा असे होते की एका माणसावर संकट येते आणि सगळे गाव दारे-खिडक्या लावून घेते. तो रस्त्यात एकटा उरतो. बायजाला त्या गावकऱ्यांचा फार राग. ती पडद्याकडे हात करून शिव्या देई. मीही देत असे.

कलम ४. हे कलम कोणत्याही मिळकतीविषयी नाही. मी ते सत्यप्रतिज्ञेवर लिहीत आहे.

मे १९९४ मध्ये माझ्या वहिनीच्या सोन्याच्या चार पाटल्या कपाटातून नाहीशा झाल्या. त्या माझे बंधू महादेव वामन वझे यांनी काढल्या. काढताना मी त्यांना पाहिले. मी माजघरात होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी पाटल्या रुमालात बांधल्या आणि सकाळच्या लाँचने मुंबईस गेले. कशासाठी, ते मला माहीत नाही. मी कधी विचारले नाही.

दोन दिवसांनी वहिनीने कपाट उघडले. त्याच वेळी बायजा आळीत आली होती. महादेव अंगणात उतरले. ते काय बोलले ते मी खिडकीतून त्यांच्या ओठांवर वाचले: "ही घरात येऊन बसते. दुसरं कोण घेणार?" शेजारची आठ-दहा माणसे जमली. त्यांनी तिची पाटी उपडी केली. बांगडे सारवलेल्या अंगणात पसरले. एकाने काठीने ते चिवडून पाहिले, जणू पाटल्या माशांच्या पोटात असणार.

बायजा त्यांच्यातून वाट काढून पुढे आली. तिने वर माझ्या खिडकीकडे पाहिले. म्हणाली, "दुर्गाताय, तू सांग."

मी ऐकू न आल्याचे सोंग करू शकत नव्हते. माझ्याशी बोलताना ओठ कसे हलवायचे हे तिला पक्के माहीत होते. मी खिडकी लावून घेतली.

का लावली, हे सांगणे भाग आहे. वडील गेले होते. भावाच्या घरात मी खात होते. वाटणीपत्र होते, पण ते भावाच्या कपाटात. दुसरीकडे जायला मला जागा नव्हती. ही कारणे खरी आहेत. ती पुरेशी नाहीत, हे मला त्या दिवशीही माहीत होते.

पोलिसांत कोणी गेले नाही, त्यामुळे आरोप खोटा ठरायला जागाच राहिली नाही. बायजाला कोळीवाड्यात लोक 'पाटलीवाली' म्हणू लागले. थळमध्ये तिचे मासे कोणी घेईना. ती रोज रेवसच्या जेटीवर जाऊन बसू लागली. नूतनचे पहिले जमलेले लग्न याच नावापायी मोडले. २००३ साली मी लाँचमधून उतरले तेव्हा ती मला जेटीवर दिसली. तिनेही मला पाहिले. तिने पाटीवर फडके ओढले, गिऱ्हाईक नको असले की ओढतात तसे. मी रिक्षात बसले.

२०११ साली महादेव वारले. आता सांगावे, असे मनात आले. पण वहिनी होती, तिला या वयात नवऱ्याची लाज कशाला, असे म्हणून मी थांबले. २०२३ मध्ये वहिनी गेली. त्यानंतरही मी दीड वर्ष काढले. यंदा फेब्रुवारीत कोळीवाड्यात गेले. दार नूतनने उघडले. मी कोण ते सांगितले. ती म्हणाली, "आय गेली. आठ म्हैने झालं."

मी विचारले, ती माझ्याविषयी काही बोलायची का?

"वाईट कंदी बोलली न्हाय," नूतन म्हणाली. "नावच काढलं न्हाय."

बायजा येसाजी कोळी हिने आमच्या घरातून पाटल्या, अगर पाटल्याच काय, सुपारीचे खांडही कधी नेले नाही. हे मला तेव्हा माहीत होते. एकतीस वर्षे मी गप्प राहिले.

कलम ५. समुद्राकडील सहा गुंठे वाडी, बावीस माड व पोफळी यांसह, पहिल्या मसुद्यात मी नूतनला दिली होती. मसुदा तिला दाखवायला नेला. ती दहावी शिकलेली आहे. तिने सगळा कागद सावकाश वाचला, चौथे कलम दोनदा. मग घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला.

"मना वाडी नको," ती म्हणाली. "आयचं नाव आय जिती असताना गेलं. तुम्ही मेल्यावर ह्यो कागद ते परत देनार? तवा वाचनार कोन, वकील?"

मी कागद उचलला. उठून घरी आले.

गेल्या बुधवारी, १२ नोव्हेंबर रोजी, सकाळी दहा वाजता मी थळच्या मासळी बाजारात गेले. बुधवारी बाजार भरलेला असतो. मला स्वतःचा आवाज ऐकून चोपन्न वर्षे झाली. तो कसा येतो, फाटका की किनरा, मला ठाऊक नाही. चारचौघांत मी बोलत नाही, कारण लोक दचकतात हे मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसते. मी बायकांच्या मधोमध उभी राहिले आणि कलम चार पहिल्या अक्षरापासून मोठ्याने वाचले. सगळ्या दचकल्या. मग एकेकीचा कोयता थांबला. वाचताना मला कागदावरून डोळे काढता येत नव्हते, म्हणून कोण काय बोलले ते मला कळले नाही. संपल्यावर वर पाहिले.

भागुबाई म्हणून एक म्हातारी आहे, बायजाच्या बरोबरीची. ती माझ्यापुढे आली. मला वाटले, मारेल. तिने मला नीट दिसावे म्हणून तोंड समोर आणले आणि म्हणाली, "आता सांगतंस? आता तिला कोन सांगनार?" आणि तिथेच फरशीवर बसून रडू लागली. तिनेही त्या वर्षी बायजाशी बोलणे टाकले होते, असे मला नूतनने नंतर सांगितले.

माफी मी मागितली नाही. जिच्याकडे मागायची ती नव्हती.

नूतन वाडी घेत नाही, म्हणून ती वाडीही गौरीला द्यावी.

कलम ६. माझे दिवस करू नयेत. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून ॲड. दत्तात्रेय म्हात्रे यांना नेमत आहे. याआधीचा मसुदा रद्द समजावा.

साक्षीदारांविषयी एक खुलासा. एक साक्षीदार डॉक्टर. दुसऱ्या साक्षीसाठी आमच्या आळीत दोन घरी विचारले. दोघांनीही चौथे कलम वाचून, नको, आमचा महादेवरावांशी घरोबा होता, असे सांगितले. आज सकाळी नूतन आपण होऊन आली. वकिलांनी तिला समजावले, की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे असते त्याने साक्ष करू नये, उद्या कोर्टात त्यावर बोट ठेवले जाते, तेव्हा साक्ष केलीस तर बाकही सोडावा लागेल. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे बाक." म्हणून कलम ३ मधील बाकाचे देणे मी येथे रद्द करीत आहे. बाक घरात राहील.

वर लिहिलेले सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे.

ठिकाण: थळ
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

(सही) दुर्गा वामन वझे

आमच्या समक्ष सही झाली:

१. (सही) डॉ. अनीश मोकल, अलिबाग

२. (सही) नूतन कमलेश कोळी, राहणार कोळीवाडा, थळ
बायजा येसाजी कोळीची मुलगी
(ही शेवटची ओळ माझ्या मूळ मजकुरात नव्हती. साक्षीदाराने स्वहस्ते घातली आहे. ती ग्राह्य धरावी. – दु. वा. वझे)