व्याह्यांचे मासे आणि लोणच्याच्या बरणीतला पाहुणा

इंदिरानगर, नाशिक

सन्माननीय व्याही श्री. रविराजराव यांस पुंजाराम खैरनारचा रामराम.

सौ. विहीणबाईंना आम्हा दोघांचा नमस्कार, जावईबापू अमितराव आणि आमची स्नेहल यांना भरपूर आशीर्वाद. आपला गुडघा कसा आहे? बंगळूरुची हवा आपल्याला मानवली असेल, असं आशा म्हणते. (खरं तर नाशिकबाहेरची कुठलीच हवा कुणाला मानवत नाही, असं तिचं मत आहे, पण व्याह्यांना तसं कळवायचं नसतं.) सोबतच्या डब्यात तिनं केलेले बेसनाचे लाडू आहेत. पत्र मुद्दाम डब्याच्या तळाशी ठेवलंय, म्हणजे आपल्या हाती लागेल तोवर तोंड गोड झालेलं असेल.

घरोघरी फोन असताना पत्र कशाला, असं आपल्या मनात येईल. आपण दर रविवारी फोनवर विचारता, मासे मजेत ना? आणि माझ्या तोंडून 'एकदम मजेत' निघून जातं. तोंडाला वळण कमी. कागदावर मात्र माळकऱ्याचा हात खोटं लिहायला धजत नाही. तेव्हा लिहितो: मासे मजेत नाहीत. विहीणबाईंची लाडकी सोनी सोडली, तर मासे नाहीतच.

बंगळूरुला मुलाकडे जाताना आपण ज्या विश्वासानं नाशिक रोडहून रिक्षात मांडीवर टाकी घेऊन आलात, तो विश्वास अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आमच्या घरात अंड्याचा केकसुद्धा जिन्यात उभं राहून खावा लागतो, तिथे आपण गप्पी मासे ठेवून गेलात. नोटांच्या प्रेसमधल्या आपल्या वरिष्ठांची पदं आपण त्यांना दिलेली (मोठे साहेब, सुपरवायझर, कॅशियर वगैरे), त्यामुळे मीही त्यांच्याशी अदबीनंच वागत होतो. पण टाकीत बघितलं तर सगळी झाडं प्लास्टिकची. पाहुण्याला प्लास्टिकची भाजी वाढायची, हे काही मनाला पटेना. म्हणून दिंडोरीकडे थोरल्या भावाच्या शेततळ्यावर गेलो आणि चांगली हिरवीगार पाणवनस्पती ओंजळभर आणून टाकीत सोडली. पुढचं सगळं रामायण त्या ओंजळीतलं आहे.

आधी कॅशियर दिसेनासा झाला. मला वाटलं, झाडीत बसला असेल. मग सुपरवायझर. मग मी समोरच्या ब्लॉकमधल्या मांजरीवर संशय घेतला आणि टाकीवर पाटा ठेवला. तरी गळती सुरूच. त्यानंतर मी आशावर संशय घेतला, कारण टाकी तिच्या मिक्सरच्या जागेवर होती. (हा संशय मी बोलून दाखवला, ही माझी चूक झाली. दोन वेळा आमटी आळणी आली.) शेवटी दुपारी जेवण झाल्यावर खुर्ची टाकून टाकीसमोरच बसलो. अंबडच्या कारखान्यात सारी नोकरी मशीनवर नजर ठेवण्यात गेली, त्यामुळे बसायचा कंटाळा नाही.

आणि रविराजराव, मी बघितलं. झाडीच्या बुडाशी चिखलाच्या रंगाचा एक किडा बसला होता. सहा पाय, टपोरे डोळे आणि चेहरा असा गरीब की बँकेत जामीन राहावं. मोठे साहेब त्याच्या समोरून शेपटी हलवत निघाले. किडा जागचा हलला नाही. फक्त त्याच्या हनुवटीखालून घडी घातलेला एक हात निघाला, साहेबांना धरलं आणि हात परत हनुवटीखाली. पापणी लवायच्या आत सगळं उरकलं. मी 'पांडुरंगा' म्हणेपर्यंत साहेबांची फक्त शेपटी बाहेर होती.

वरच्या मजल्यावरच्या योगिनीताई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात, त्यांना धावत बोलावलं. त्या बघून केवढ्या खूश झाल्या! म्हणाल्या, "काका, हे चतुराचं पिल्लू." चतुर म्हणजे आपली लहान मुलं ज्याला हेलिकॉप्टर म्हणतात तो. तो हवेत उडण्याआधी कित्येक महिने पाण्यात काढतो, हे मला या वयात कळलं. तो हात म्हणजे हात नव्हेच, तो त्याचा खालचा ओठ. पुढे आकडे असलेला, घडीचा, एरवी तोंडावर मुखवट्यासारखा बसवलेला. आणि पळायची वेळ आली की मागच्या दारानं पाण्याची पिचकारी मारून पुढे सटकतो. श्वाससुद्धा त्याच दारानं घेतो. (हे वाक्य विहीणबाईंना वाचून दाखवू नये.)

सोनीला मी तिथल्या तिथे वाटीत काढलं आणि पाहुण्याला लोणच्याच्या काचेच्या बरणीत हलवलं. आशा म्हणाली, नाल्यात फेका. पण जिवंत जीव फेकायचा कसा? आणि बरणीत ठेवला तर उपाशी कसा ठेवायचा? मी त्याला भाताचं शीत टाकलं, भिजवलेली हरभऱ्याची डाळ टाकली, पनीरचा तुकडासुद्धा टाकून बघितला. त्यानं ढुंकून पाहिलं नाही. "एकादशी करतोय तो," आशा म्हणाली. योगिनीताई म्हणाल्या, हलेल तेच तो खातो. म्हणून मी शीत दोऱ्याला बांधून त्याच्यापुढे नाचवलं. त्यानं ओठ टाकून धरलं, चव घेतली आणि टाकून दिलं. माझ्या हातचं अन्न असं आजवर कुणी टाकलं नव्हतं.

त्याला हव्या होत्या डासांच्या अळ्या. आता आली का पंचाईत? तसे डास मी रोज टाळी वाजवून मारतो, माळ गळ्यात असतानाच मारतो, ते कधी मनाला लागलं नाही. पण हातानं वेचून दुसऱ्याच्या तोंडी द्यायचे म्हणजे तो स्वयंपाकच झाला. आमच्या गावाकडे काही मंडळी मटणाच्या दिवशी माळ खुंटीला अडकवतात, त्यांना मी जन्मभर हसत आलो. पहिल्या संध्याकाळी मीही माळ खुंटीला अडकवली आणि चहाची गाळणी घेऊन बंद पडलेल्या बांधकामाच्या हौदाकडे गेलो. पाहुणा त्या दिवशी पोटभर जेवला. मला इतकं बरं वाटलं की माळ घालायचीच विसरलो आणि तसाच भजनाला गेलो. आमचे सोमाबुवा अभंग मध्येच थांबवून म्हणाले, "काय पुंजाराम, गळा लय मोकळा दिसतोय आज. काय जेवला?" अख्खं मंडळ माझ्याकडे बघायला लागलं. मी म्हणालो, मी नाही जेवलो, पाहुणा जेवला. त्यानं संशय जास्तच वाढला. उलट सोसायटीच्या चेअरमननी मात्र गाळणी घेऊन फिरताना बघून डासमुक्तीसाठी झटणारे ज्येष्ठ नागरिक म्हणून माझा फोटो ग्रुपवर टाकला. एकाच आठवड्यात एवढी बदनामी आणि एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

खरं सांगू? स्नेहल सासरी गेल्यापासून या घरात कुणाला 'जेवलास का' विचारायची वेळच येत नव्हती. (सासर चांगलंच मिळालं, त्याबद्दल तक्रार नाही.) आता सकाळी उठलो की आधी बरणीत बघायचो. त्यानं कात टाकली की आशाला हाक मारायचो. मग त्याचं खाणं अचानक बंद झालं, मी घाबरलो. योगिनीताईंनी बरणीत एक काडी उभी करायला सांगितली, म्हणून केरसुणीचा हीर लावला. एके दिवशी पहाटे बघतो तर तो हिरावर चढून पाण्याबाहेर आलेला. पाठ उलली, आणि आतून फिका, ओला, चुरगळलेला असा दुसराच कुणीतरी बाहेर यायला लागला. पंख ओल्या रुमालासारखे, ते हळूहळू ताणले गेले. मी दात घासायचे विसरलो. आशा चहा घेऊन आली, तीही उभी राहिली, चहा निवला. ऊन गॅलरीत आल्यावर तो उडाला तो सरळ गेला. मुली निदान गाडीत बसताना वळून बघतात. मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही.

असो. आपले मासे माझ्या हौसेपायी गेले, त्याची मनापासून क्षमा मागतो. सोनी सुखरूप आहे, ती विहीणबाईंच्या ओटीत घालीन तेव्हाच मला झोप लागेल.

आपला,
पुंजाराम

ता. क. काल सहज पुन्हा शेततळ्यावर जाऊन आलो. बरणीत सध्या पाहुण्याची धाकटी भावंडं आहेत. ती एकमेकांनाही खातात, असं योगिनीताई म्हणतात, म्हणून त्यांना ऐसपैस जागा हवी.

ता. क. दुसरा. कैऱ्या बाजारात आल्या आहेत आणि आशा बरणी परत मागते आहे. सोनीसाठी नवा सुंदर गोल बाउल मी आणून देतो. आपली टाकी मात्र माझ्याकडेच राहू द्यावी. एवढ्यासाठीच हे पत्र लिहिलं.

विहीणबाईंना आशाचा नमस्कार. हे आंघोळीला गेलेत तोवर डबा बंद करता करता दोन ओळी लिहिते. सोनी वाचली नाही. यांनी तिला वाचवलं त्याच दिवशी आनंदाच्या भरात वाटीत पेढा टाकला आणि भजनाला निघून गेले. येईपर्यंत पाणी दुधासारखं झालं होतं आणि ती उलटी तरंगत होती. मी पदर खोचून दुकानात गेले आणि तिच्यासारखीच दुसरी आणून ठेवली. हिच्या शेपटीवर काळा ठिपका आहे, तो तुम्हाला लगेच दिसेल, पण दिसला असं म्हणू नका. रिटायर झाल्यापासून हे संध्याकाळी नुसते खिडकीत बसून असायचे. टाकी देऊन टाका. आणि आपण निदान एक जीव तरी वाचवला, असं त्यांनी साऱ्या भजनी मंडळाला सांगितलंय, ते तसंच राहू द्या.